बघणाऱ्याची चाल

इंग्रजी कादंबरीत साधं चालणारं माणूस सापडणं कठीण. निवृत्त कर्नल लांब ढांगा टाकत ‘स्ट्राइड’ करतो, नवश्रीमंत छाती काढून ‘स्ट्रट’ करतो, गलेलठ्ठ पाद्री बदकासारखा डुलत ‘वॉडल’ करतो आणि ज्याचं सगळं बिनसलंय तो चिखल तुडवत ‘ट्रज’ करतो. वुडहाउसच्या कथांतल्या जीव्हज या नोकराला तर पाय असावेत की नाही अशी शंका येते, कारण तो खोलीत चक्क ‘शिमर’ होतो, म्हणजे झुळझुळत प्रकटतो. या सगळ्या गर्दीत बिचारा ‘वॉक’ मागे पडतो. शाळेत तो आपल्याला आधी भेटतो, पुढे डॉक्टर त्यालाच ‘मॉर्निंग’ आणि ‘ब्रिस्क’ असे अलंकार घालून आपल्याकडे परत पाठवतात.

हा ‘वॉक’ मूळचा वाटतो तितका सरळमार्गी नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोळणं, गडगडणं, उलथापालथ होणं असा काहीसा होता. ओलं लोकरी कापड पायांनी तुडवून घट्ट करण्याच्या कामालाही हाच शब्द असे आणि ते करणारा तो ‘वॉकर’. तेव्हा आज वॉकर आडनावाचे साहेब दिसले, तर त्यांचे पूर्वज मोठे पदयात्री होते असं समजू नये. ते दिवसभर पाय चालवत, पण जागच्या जागीच.

अशा शब्दांची शिरगणती करायला बसला तो पीटर मार्क रॉजे, पेशाने डॉक्टर. त्याचा ‘थिसॉरस’ हा पर्यायी शब्दांचा कोश १८५२ साली छापून आला तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. जगातल्या सगळ्या कल्पनांचे त्याने एक हजार कप्पे केले. चालणाऱ्यांची सोय २६६ क्रमांकाच्या ‘जर्नी’ या कप्प्यात लावली. प्रस्तावनेत त्याने आपल्या अमरकोशाचीही दखल घेतली आहे. कोलब्रुकने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १८०८ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या श्रीरामपूरला, छापलं गेलं होतं. दखल घेतली आणि लगेच, त्यातली वर्गवारी फारच अपुरी आणि गोंधळाची आहे, असा शेराही मारला. पणजोबांच्या वाड्यात मुक्काम करून ‘तुमच्या खोल्या चुकल्यात’ म्हणणाऱ्या पाहुण्यासारखंच हे झालं. पण वर्गवारीचा एवढा भोक्ता असूनही रॉजेच्या कप्प्यात एक गोष्ट राहून गेली. कोणता शब्द कुठे आहे हे तो सांगतो, तो कोण कोणाबद्दल वापरतो हे सांगत नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे.

बर्ट्रांड रसेलने १९४८ साली बीबीसीवर एक मजेदार क्रियापद चालवून दाखवलं होतं. एकच गुण, पण ‘मी’ला लावताना तो खंबीरपणा ठरतो, ‘तू’ला हट्टीपणा आणि ‘तो’ला महामूर्खपणा. चालण्याचं क्रियापद असंच चालतं. मी ‘स्ट्रोल’ करतो, तू ‘डॉडल’ करतोस, तो ‘लॉइटर’ करतो. मराठीत बोलायचं तर मी फेरफटका मारतो, तू रेंगाळतोस, तो उंडारतो. तिघांचा वेग तोच, रस्ताही तोच. कोण बघतंय, तेवढंच बदललं.

वर्ड्स्वर्थचं उदाहरण घ्या. हा कवी आयुष्यात पावणेदोन लाख मैलांहून कमी चालला नसेल, असा हिशेब निबंधकार डी क्विन्सीने मांडला. इतकी पायपीट केलेल्या पायांचं कोणी कौतुक करावं की नाही? त्याच डी क्विन्सीने नोंदवून ठेवलंय की पायांची पारख असलेल्या झाडून सगळ्या बायकांनी वर्ड्स्वर्थचे पाय नापास केले होते. उलट कॅप्टन बार्कलेने १८०९ साली न्यूमार्केटला हजार गिनींच्या पैजेवर दर तासाला एक मैल असे सलग हजार तास, म्हणजे जवळजवळ सहा आठवडे, काढले आणि झोपेचं खोबरं करून तो लोकांचा हीरो झाला. अशा पैजेच्या चालणाऱ्यांना ‘पेडेस्ट्रियन’ म्हणत. कोणाच्या लिखाणाला हेच विशेषण लावलं, तर मात्र ते रटाळ आहे असा अर्थ होतो.

शब्दांनाही बरे-वाईट दिवस येतात. आज जेवणानंतरच्या सभ्य फेरीला शोभणारा ‘स्ट्रोल’ चारशे वर्षांपूर्वी भटक्या-भामट्यांचा होता. गावोगाव फिरणारे नट ते ‘स्ट्रोलिंग प्लेअर्स’, आणि परवाना नसेल तर कायदा त्यांना सरळ भामट्यांत जमा करी. पुढे शब्दाने अंघोळ केली, टोपी घातली, आणि अमेरिकेत तर तो बाबागाडी झाला. ‘ट्रेक’ दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांतून इंग्रजीत आला. आता तो दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीत राजमाचीला जातो आणि बैलांची त्याला आठवणही नसते. ‘रॅम्बल’ म्हणजे पायाने भटकणं आणि जिभेनेही. १९३२ साली इंग्लंडमधल्या किंडर स्काउटच्या खासगी माळावर शेकडो ‘रॅम्बलर’ ठरवून घुसले, त्यातल्या पाचजणांना तुरुंगात जावं लागलं. मालकाच्या लेखी मात्र ते ‘ट्रेसपासर’ होते.

‘लॉइटर’चं नशीब अजून उघडलेलं नाही. इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन, नुसता संशय आला म्हणून रस्त्यावर रेंगाळणाऱ्याला पोलीस पकडू शकत. ती तरतूद रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं. पर्यायी शब्द निवडताना लेखक पेन चावतो, तिथे पोलीस निवडायचा आणि माणूस आत जायचा.

मराठी याबाबतीत साळसूद आहे. ती ‘चालणे’ तसंच ठेवते आणि शेजारी एक शब्द बसवते: तुरुतुरु, तरातरा, दुडुदुडु, झपझप, रमतगमत. त्यात नाद फार आणि न्यायनिवाडा कमी. निवाडा करायचा तेव्हा आपण वेगळी क्रियापदं काढतो, हुंदडणं आणि उंडारणं. ती बहुधा घराच्या दारातून, दिवेलागणीनंतर, आणि मुलांपेक्षा मुलींच्या वाट्याला जास्त येतात.

म्हणूनच शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर लिहिलेल्या २०११ च्या पुस्तकाचं नाव ‘व्हाय लॉइटर?’ असावं याची मला मौज वाटते. त्यांनी दाखवलं ते रोज दिसतं. बाप्या माणूस टपरीवर तासभर नुसता उभा राहू शकतो. बाईला मात्र कुठेतरी निघाल्यासारखं दिसावं लागतं. हातात पिशवी हवी, कानाला फोन हवा, चालीत काम हवं. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हवा, असं म्हणत या तिघींनी बदनाम शब्दच मुद्दाम उचलला.

त्यालाही चांगले दिवस येतील. ‘स्ट्रोल’ला भामट्याचा सभ्य गृहस्थ होईपर्यंत बराच काळ लागला. मुंबईच्या मुलींना तितका काळ थांबा म्हणू नये. थांबवायचंच असेल तर त्यांना नाक्यावर थांबू द्यावं, चहा घेत, काही काम नसताना.