कोरडवाहू खलाशी

कोरडवाहू खलाशी हा फैजपूर, न्हावी, सावदा या केळीपट्ट्यात थंडीच्या दिवसांत दिसणारा गृहस्थ आहे. तो बहुधा पन्नाशी ओलांडलेला, मफलर गुंडाळलेला आणि समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आत राहणारा असतो. बाग त्याची ठिबकवर असते. कोरडवाहू असते ती फक्त खलाशगिरी. पाण्याशी त्याचा आयुष्यभराचा संबंध लहानपणी विहिरीत मारलेल्या उड्या आणि पुढे मोटरीचे बटण, एवढाच. समुद्र त्याने सहलीत पाहिलेला आहे, तोही पँट घोट्याच्या वर दुमडून. असे असूनही नोव्हेंबर लागला की हा माणूस अक्षांश-रेखांशांत बोलू लागतो आणि फेब्रुवारीपर्यंत आवरत नाही.

हा नाद त्याला शेतीनेच लावला. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हेच. पानांच्या देठांची एकात एक बसलेली, पाण्याने भरलेली ती गुंडाळी आहे. मे-जूनच्या वादळात घडासकट बाग आडवी व्हायला पंधरा मिनिटे पुरतात. थंडीचे दुखणे निराळे. पारा दहा-बारा अंशांच्या खाली रेंगाळला की वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, निसवणीला आलेली झाडे अडून बसतात आणि करप्याला आयतेच आमंत्रण मिळते. म्हणून रात्री पाणी द्यायचे, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा आणि मोबाइलवर तापमानाचा व वाऱ्याचा नकाशा उघडून बसायचे. हा नकाशा साऱ्या पृथ्वीचा असतो. फैजपूरवर काही घडत नसले की अंगठा खाली सरकतो, आणि श्रीलंका ओलांडली की अंटार्क्टिकापर्यंत त्याला अडवणारे कुणी नाही. तिथे, चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली, लाल-जांभळे वारे पृथ्वीभोवती बारा महिने गरगरत असतात. अशा वाऱ्यात माणसे मुद्दाम जातात, हे कळल्यावर केळीवाल्याचा आधी विश्वास बसत नाही. मग त्याला त्या माणसांचा पत्ता हवा असतो.

पत्ता निघतो फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ले साब्ल दोलोन या गावाचा. दर चार वर्षांनी नोव्हेंबरात तिथून 'व्हाँदे ग्लोब' ही शर्यत सुटते. एक माणूस, एक साठ फुटी शिडाची बोट. कुठे थांबायचे नाही, कुणाची मदत घ्यायची नाही, पृथ्वीला वळसा घालून त्याच गावी परत यायचे. गुड होप, ल्युविन आणि हॉर्न ही तीन भूशिरे डाव्या हाताला राहतात आणि अंटार्क्टिका उजव्या हाताला. प्रदक्षिणेत देव उजव्या हातालाच हवा, तेव्हा फ्रेंच माणसांनी हे शास्त्राला धरून केले आहे, असा कोरडवाहू खलाशाच्या आईचा निर्वाळा असतो. नोव्हेंबर निवडण्याचे कारण असे की त्या वेळी दक्षिणेकडे उन्हाळा असतो. तो उन्हाळा फैजपूरच्या हिवाळ्याहून गार असतो, ही गोष्ट तो अंगावर रजई ओढून घेत सांगतो.

शर्यतीत प्रत्येक कोरडवाहू खलाशाचा एक माणूस ठरलेला असतो, आणि तो बहुधा शार्ली दालँ. यामागे जुने दुखणे आहे. २०२०-२१ च्या शर्यतीत केविन एस्कोफिए याची बोट दक्षिण आफ्रिकेच्या खाली दुभंगली. एकसष्ट वर्षांच्या जाँ ल काम याने त्याला अंधारातून, खवळलेल्या पाण्यातून उचलून आपल्या बोटीवर घेतले. शोधासाठी वाट सोडून थांबलेल्यांना वेळेची भरपाई मंजूर झाली. २८ जानेवारी २०२१ ला, भारतीय वेळेने रात्री एकच्या पुढे, दालँ सर्वांत आधी किनाऱ्याला लागला. त्या थंडीत जागून पाहणाऱ्याने घरातल्या सगळ्यांना उठवून ही बातमी दिली. सकाळी नऊच्या आत यानिक बेस्तावँ तिसरा आला, त्याच्या खात्यातले सव्वादहा तास वजा झाले आणि तो पहिला ठरला. चहा घेताना घरातल्यांनी विचारले, की मग रात्री आम्हाला कशाला उठवले होते. या प्रश्नाला उत्तर नव्हते. नियम बरोबर होता, बुडत्यासाठी थांबलेल्याचे नुकसान होऊ नये हेही बरोबर होते, पण पहिला पोचला तो दुसरा ठरला आणि पेढे वाटले गेले तिसऱ्याचे, हे पचायला चार वर्षे लागली. १० नोव्हेंबर २०२४ ला चाळीस बोटी सुटल्या आणि ६४ दिवस १९ तासांचा नवा विक्रम करून दालँ परतला तो १४ जानेवारीला. म्हणजे संक्रांतीला, भारतीय वेळेने दुपारी एकच्या सुमाराला. त्या दिवशी काही घरांत तिळगुळाचा पहिला लाडू फ्रान्सच्या नावाने गेला.

वेगाची भाषा गावाला समजेल अशी करून सांगणे हे या गृहस्थाचे मोठे काम. नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. वीस नॉट म्हणजे ताशी सदतीस, फैजपूरहून सावद्याला मोटरसायकलवर बेताने जावे तेवढे. ऐकणारे म्हणतात, एवढेच? मग त्याला सांगावे लागते की ही मोटरसायकल दोन महिने उभी करायची नाही, रस्ता खालीवर होत असतो आणि झोप वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी घ्यायची. पारावर रोज एकच चौकशी होते.

"कुठी पोचला भो तुह्या खलाशी?"

"वारा पडेल हाये. दोन दिवस काही खरं नाही."

हे उत्तर देताना त्याचा चेहरा भाव पडल्यासारखा होतो. केळीपट्ट्यात वारा नाही म्हणून हळहळणारा माणूस दुसरा सापडणार नाही. घरात तर यावर बंदीच असते. रात्री नकाशा पाहताना त्याच्या तोंडून "सुट रे बापा" निघाले, की शेजारच्या खाटेवरून आई बजावते, "वारा मांगू नको, बाग उभी हाये."

दूरच्या गोष्टी आपल्याच आहेत असे मानण्याची फैजपूरला सवय आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन, खेड्यात भरलेले पहिले, याच गावी झाले आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. देश एकदा दारात येऊन गेल्यावर दक्षिण महासागराचे काय अप्रूप? कोरडवाहू खलाशी त्या महासागराच्या सातबारावर आपली नोंद शोधून काढतो, आणि तिला आधार असतो. १९६८-६९ ची पहिली गोल्डन ग्लोब शर्यत नऊ जणांनी सुरू केली आणि एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने पुरी केली. त्याची 'सुहेली' ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली. भारताच्या 'सागर परिक्रमा' मोहिमेमागचे डोके व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचे. निवृत्तीनंतर ते राहत होते फलटणजवळ विंचुर्णीला, शेतावर, समुद्रापासून लांब. हा मुद्दा त्याला विशेष महत्त्वाचा वाटतो. रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातल्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली आणि कमांडर दिलीप दोंदे ती घेऊन एकट्याने जगाला फेरी मारून मे २०१० मध्ये मुंबईत परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोबमध्ये हिंदी महासागरात पाठीला जबर दुखापत होऊन तीन दिवस बोटीत पडून होते. तेच २०२२-२३ ची गोल्डन ग्लोब पुरी करून दुसरे आले. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी'वरून गोव्याहून निघाल्या. ती शर्यत नव्हती, मोहीम होती. कोरडवाहू खलाशाने तिची शर्यत केली आणि दोघींना पहिल्या नंबरवर ठेवले. जानेवारीच्या अखेरीस त्या पॉइंट निमोपाशी पोचल्या. जमिनीपासून सर्वांत लांब असलेली ही समुद्रातली जागा. सर्वांत जवळची जमीनही तिथून २,६८८ किलोमीटरवर. त्या रात्री फैजपुरात शेकोटीभोवती दोन माणसे आणि एक कुत्रा होता.

कुत्र्याचे नाव टायगर असते. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मालकाला तसेही जागावेच लागते. मोटर चालू करायची, धुराची काडी सारायची, बोटींच्या जागा पाहायच्या, असा क्रम लागतो. टायगर या तिन्ही कामांत फक्त शेकोटीपुरता हजर असतो. सातपुड्यातून उतरलेला बिबट्या केळीत दडतो हे त्याला माणसांच्या आधी कळलेले आहे. त्यामुळे मोटरीपर्यंत सोबत करताना तो मालकाच्या मागे चालतो आणि परतताना पुढे. राख निवली की त्याच राखेत अंग मुरवून झोपतो. सकाळी करडा झालेला कुत्रा अंगणात आला की घरातली बाई त्याला आणि त्याच्या मालकाला एकाच वाक्यात बोलते.

बोका घरात राहतो आणि इन्व्हर्टरवर झोपतो. घरातली सर्वांत उबदार जागा त्याने पहिल्याच थंडीत हेरलेली असते. दुसरी उबदार जागा म्हणजे लॅपटॉप. व्हाँदे ग्लोबबरोबर संगणकावर एक आभासी शर्यतही चालते. खऱ्या वाऱ्यावर खोट्या बोटी हाकणारे तिचे खेळाडू २०२०-२१ मध्ये दहा लाखांवर गेले होते. कोरडवाहू खलाशी त्यात असतोच. रात्री दोनला उठून तो बोटीची दिशा बदलतो, पाणी पिऊन येतो, तोवर बोका कळफलकावर बसलेला असतो. सकाळी पाहावे तर बोट ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलेली. सहा लाखांच्या आतला नंबर एका शेपटीपायी नऊ लाखांवर गेला, तरी बोक्याला कुणी उठवत नाही, कारण उठवल्यावर तो ओरडतो आणि आई जागी होते. वासराच्या अंगावर गोणपाट बांधलेले असते. त्याला शर्यतीत रस नाही.

प्राण्यांची चर्चा एका कोंबडीपाशी येऊन अडते. गिरेक सूदे नावाच्या फ्रेंच तरुणाने मोनिक नावाची कोंबडी सोबत घेऊन समुद्र पालथा घातला. ग्रीनलँडच्या बर्फात बोट अडकवून दोघांनी मिळून हिवाळा काढला आणि मोनिक तिथेही अंडी देत राहिली. हाच सूदे २०२४ च्या व्हाँदे ग्लोबमध्ये उतरला, एकटा, कारण नियम. ज्या घरात अंडे येत नाही त्या घरात ही गोष्ट सांगताना कोरडवाहू खलाशी अंड्यांचा भाग गाळतो. राहते ती एक कोंबडी आणि तिच्यावर माया करणारा माणूस. आईला ती आवडते. ती मोनिकची खुशाली विचारत असते, बाकी शर्यतीची नाही.

या छंदाचा सार्वजनिक भाग म्हणजे भरीत पार्टी. बामणोदची पांढुरकी-हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर लाकडी बडजीत ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. खाली केळीचे पान, जोडीला कळण्याची भाकरी. वांगी भाजेपर्यंतचा अर्धा तास हा खलाशाचा हक्काचा. तेवढ्यात तो हॉर्न भूशिराला वळसा घालून घेतो. ऐकणारे माना डोलावतात. त्यांचे लक्ष वांग्याकडे असते. एखादा विचारतो, त्या बोटीवर जेवण काय असते. वाळवून पाकिटात भरलेले, गरम पाणी ओतून खायचे, हे उत्तर ऐकल्यावर मंडळींना पहिल्यांदा त्या माणसांची खरी कणव येते आणि कुणीतरी वांगे उलटते.

फेब्रुवारी सरला की ऊन चढते आणि हंगाम ओसरतो. मागे राहिलेल्या बोटी अजून येत असतात, पण त्यांच्यासाठी रात्री कुणी जागत नाही. 'तारिणी' २९ मे २०२५ ला गोव्यात परतली तेव्हा कोरडवाहू खलाशी बागेत बांबूचे टेकू देत होता आणि नकाशा फक्त फैजपूरवर थांबलेला होता. बोका इन्व्हर्टरवरून उठून कूलरसमोर आला म्हणजे ऋतू बदलला असे घरात धरतात. दर चार वर्षांचा हिशेब पाहता पुढची व्हाँदे ग्लोब नोव्हेंबर २०२८ मध्ये येते. ती केळीच्या कांदेबागेच्या लागवडीच्या दिवसांवर पडते, तेव्हा त्या वर्षीच्या मजुरांची व्यवस्था घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावी.