बोनसकाका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणाची गाडी कुठे घासली, तर त्याने विमा कंपनीला फोन करण्याआधी बोनसकाकांना भेटायचं, असा रिवाज आहे. तो काकांनीच पाडलाय. पार्किंगमध्ये कुणी वाकून बंपर बघताना दिसला की काका गॅलरीतूनच ओरडतात, "कुणाला फोन करू नका, मी खाली येतोय!"

काका विम्याच्या विरोधात आहेत असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. उलट मार्च उजाडला की पॉलिसीची मुदत संपायच्या कितीतरी आधी त्यांचा हप्ता भरलेला असतो. मुदत संपून 90 दिवस उलटले तर बोनस बुडतो, हे कलम त्यांना तोंडपाठ आहे. भरलेल्या विम्याचा उपयोग करायचा असतो, एवढंच त्यांना मान्य नाही. क्लेम करणं म्हणजे त्यांच्या लेखी मुदत ठेव मुदतीआधी मोडणं. सभ्य माणसं ते करत नाहीत.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभरात क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, तोच हा बोनस. सलग दुसऱ्या वर्षी 25, मग 35, मग 45 आणि पाच वर्षं हात आवरला तर 50. ही सूटही फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरत्या हप्त्यावर. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, तिथे तुमच्या पुण्याईला कुणी विचारत नाही. काका 2009 सालापासून 50 टक्क्यांवर आहेत. मधे जुनी मारुती विकली, पण बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे गाडी गिऱ्हाइकाला गेली आणि बोनस पत्रावर लिहून घेऊन काकांकडे राहिला. 50 च्या वर टक्के का देत नाहीत, अशी विचारणा त्यांनी एकदा कंपनीला लेखी केली होती. उत्तर आलं नाही. स्थळप्रत फाइलला आहे.

सल्ला मागायला येणाऱ्याला काका आधी चहा देतात आणि मग कागद. त्या कागदावरचं गणित मात्र बिनतोड असतं, हे मान्य करायला हवं. 50 टक्केवाल्याने एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. मग पहिल्या वर्षी 50 टक्के गेले, दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 25, मग 15, मग 5. बेरीज 125. म्हणजे बोनस वजा न करता जो मूळ हप्ता असेल, त्याच्या सव्वापट रक्कम क्लेमपायी हळूहळू जाते. कंपनीकडून हातात पडणारे पैसे याहून जास्त असतील तरच क्लेम करायचा, नाहीतर खिशातून दुरुस्ती करून गप्प बसायचं. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ताही थोडा उतरतो, हा तपशील काका सोडून देतात. गॅरेजवाल्यांपासून एजंटांपर्यंत हे कुणी इतकं स्वच्छ सांगत नाही. सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे पैसे या कागदाने वाचवले आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांच्या गाड्या त्याच कागदामुळे चेपलेल्या फिरतात.

सर्वांत चेपलेली गाडी अर्थातच काकांची. सात वर्षांची करडी हॅचबॅक. तिच्यावरची प्रत्येक खूण काकांनी सव्वापटीच्या हिशेबात बसवून राखून ठेवली आहे. नवा माणूस दिसला की ते गाडीभोवती प्रदक्षिणा घालत माहिती देतात. मागच्या दारावरचा ओरखडा लक्ष्मी रोडचा, गणपतीतल्या गर्दीतला. डिकीवरचा खड्डा 2019 चा, मंगल कार्यालयाबाहेर जावयाने गाडी मागे घेताना पाडलेला. ("जावई आहे, काय बोलणार!") मडगार्डवर एका दुचाकीचं हँडल लागलं होतं. दुचाकीवरच्या मुलाकडून काकांनी जागच्या जागी 200 रुपये आणि एक 'सॉरी' वसूल केलं, वर इंडिकेटर कधी द्यायचा यावर व्याख्यान दिलं. मुलगा पैसे लगेच देत होता, व्याख्यानालाच कां कू करत होता म्हणे.

अशा माणसाच्या गाडीवर एके दिवशी वारज्याच्या सर्व्हिस रोडला सळयांनी भरलेला टेम्पो उलटा आला. काका थांबलेले होते. टेम्पो पुढे होता, तो मागे आला. सळया काचेतून आत, टेम्पोचा फाळका बॉनेटवर. काकांना खरचटलंही नाही हे नशीब. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "काका, मी मागं बघत होतो, तुम्ही पुढं बघायचं ना!" या युक्तिवादावर काका निरुत्तर झाले. त्यांच्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग असावा.

त्यांना वाटलं होतं, चूक टेम्पोची आहे तर पैसे टेम्पोचा विमा देईल. एजंटाने समजावलं, देईल की, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा, तारखा घ्या, टेम्पोवाल्याला हजर करा. बॉनेटसाठी एवढं कुणी करत नाही. स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाका आणि मोकळे व्हा.

"मग बोनस टेम्पोवाल्याचा जाणार ना?"

"नाही काका, तुमचा."

"चूक त्याची आणि बोनस माझा?"

"चूक कुणाची ते कंपनी बघत नाही. क्लेम केला का, एवढंच बघते."

काका दोन दिवस खालीच उतरले नाहीत. शेवटी त्यांच्याच कागदाने त्यांना कैचीत धरलं. मूळ हप्ता 4,000, सव्वापट 5,000, आणि वर्कशॉपचा अंदाज 32,000. कागद स्वच्छ सांगत होता, क्लेम करा. सोसायटीतली माणसं सांत्वनाला येऊन गेली.

कंपनीला फोन करताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. पलीकडची मुलगी हिंदीत बोलत होती आणि काकांनी आपलं हिंदी काढलं.

"दुर्घटना के समय गाड़ी कौन चला रहा था, सर?"

"चला नहीं रहा था. खड़ी थी. मैं अंदर बैठा था."

"गाड़ी पार्क थी, सर?"

"पार्क नहीं, खड़ी! टेम्पो पीछे आया."

"पीछे से टक्कर मारी?"

"पीछे से नहीं हो! आगे से पीछे आया!"

तिने "जी सर" म्हणून क्लेम क्रमांक दिला. मग दावा अर्ज आला. त्यात अपघाताच्या वर्णनासाठी तीन ओळी होत्या. काकांनी 'सोबत पुरवणी जोडली आहे' असं लिहून उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणासकट नकाशा जोडला.

सर्वेअर वर्कशॉपला आला तो बाइकवरून. हेल्मेट न काढताच त्याने मोबाइलवर क्लेम उघडला आणि थेट गाडीच्या मागे गेला. कंपनीच्या नोंदीत अपघात मागून झालेला होता. 2019 चा खड्डा त्याने वाकून पाहिला आणि फोटो काढायला सुरुवात केली.

"छे छे, हे जुनं आहे," काका म्हणाले. "हे जावयाने केलंय."

वर्कशॉपचा सल्लागार काकांना डोळ्यांनी खुणावत होता. डिकीही यात बसली असती, असा त्याचा हिशेब असावा. पण काका आता गाडी दाखवण्याच्या ओघात होते. "हा ओरखडा लक्ष्मी रोडचा. यात धरू नका. हे मडगार्ड, याचे 200 रुपये मला मिळालेले आहेत." सर्वेअरने इतका प्रामाणिक दावेदार आधी पाहिलेला नसावा. त्याने हेल्मेट काढलं. नुकसान पुढून झालंय ही दुरुस्तीही मग त्याने मुकाट्याने करून घेतली.

खरी लढाई घसाऱ्यावर झाली. गाडी पाच वर्षांच्या पुढची, त्यामुळे पत्र्याच्या भागांवर 40 टक्के कपात. प्लॅस्टिक आणि रबरावर 50, गाडी कितीही नवी असली तरी. काचेवर मात्र शून्य. नवी गाडी घेताना ही कपात टाळणारं झिरो डेप कव्हर काकांनी नाकारलं होतं ("आपण काय ठोकायला गाडी घेतो?"), आणि आता ते या वयाच्या गाडीला सहजी मिळणार नव्हतं. त्यामुळे काकांचं सगळं बळ हेडलाइटवर एकवटलं.

"ही काच आहे," ते म्हणाले.

"प्लॅस्टिक आहे, सर."

"आरपार दिसतं."

"आरपार दिसणारं प्लॅस्टिक आहे."

काकांनी फुटलेल्या हेडलाइटवर नखाने टकटक केलं आणि कान लावला. मग शेजारच्या बिनफुटलेल्या हेडलाइटवर केलं. मग पुढच्या काचेचा एक तुकडा उचलून त्यावर. सल्लागार, पाणी घेऊन आलेला पोऱ्या आणि मी, आम्ही सगळे ऐकत उभे होतो. फरक पोऱ्यालाही कळला. काकांनी तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "आमच्या मारुतीला काचेचे होते."

32,000 च्या बिलाचा निकाल असा लागला. 6,000 च्या बॉनेटचे 3,600 मंजूर, 2,500 च्या मडगार्डचे 1,500. (हे दुसऱ्या बाजूचं. 200 रुपयेवालं नव्हे.) बंपर आणि हेडलाइट निम्म्यावर. पुढची काच आणि मजुरी पूर्ण. रंगकामाच्या 8,000 मधला पाव भाग रंगाचा धरायचा आणि त्याचे निम्मे कापायचे, म्हणजे 1,000 गेले. शेवटी प्रत्येक क्लेमला सक्तीने कापायचे 1,000. कंपनी देणार 23,350 आणि काका देणार 8,650.

काउंटरवर काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

"हे कॅशलेस आहे ना?"

"हो सर."

"मग मी हे काय देतोय?"

याचं उत्तर सल्लागाराने द्यायचा प्रयत्न केला, पण त्यालाही ते नीट जमलं नाही. एकूण हिशेबात मात्र काका फायद्यात होते. बोनसचे पुढचे 5,000 वजा केले तरी 18,350 सुटत होते. तसं मी म्हटलंही. काका म्हणाले, "पैशाचा प्रश्न नाही हो." कोथरूडात हे वाक्य मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

मार्चमध्ये नूतनीकरणाचा कागद आला. 'नो क्लेम बोनस' या रकान्यात शून्य टक्के छापलं होतं. एजंटाने सांगून ठेवलं, थोडे पैसे जास्त भरून बोनस सांभाळणारं कव्हर पुढेमागे घेता येतं, म्हणजे एखाददुसऱ्या क्लेमनंतरही बोनस टिकतो. काकांनी चष्मा काढला. "म्हणजे विम्याचा विमा? आणि त्याला धक्का लागू नये म्हणून मी पुन्हा क्लेम करायचा नाही, असंच ना?"

त्यानंतर गाडी दुरुस्त होऊन, पुढून कोरी आणि मागून ऐतिहासिक, पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. काका वनाझहून मेट्रोने जातात, मंडईला पीएमपीने. काकू भाच्याच्या मुंजीला रिक्षाने गेल्या आणि परत येईपर्यंत त्यावरच बोलत होत्या. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं, "काका, गाडी चालू नाही का? बॅटरी उतरली असेल तर जंप देतो."

काका दचकून कव्हरला पाठ लावून उभे राहिले. "हात लावू नकोस. वीस टक्के व्हायचेत अजून."