काळी चार

(पुण्यातल्या एका इमारतीच्या तळघरातला स्टुडिओ. अभंगांच्या अल्बमसाठी पेटीची साथ भरायची आहे. रेकॉर्डिस्ट पंचविशीतला. पेटीवाले काका सत्तरी ओलांडलेले, संगीत नाटकांत ऑर्गन आणि मैफलीत पेटी वाजवत आलेले. गायिकाबाई चारला येणार आहेत. त्यांचं आणि काकांचं तीस वर्षांचं सख्य आहे, म्हणजे दोघंही एकमेकांबद्दल फक्त तिसऱ्याजवळ बोलतात.)

पेटीवाले : (पट्ट्या दाबून पाहत) अरे, हे वाजत नाही.

रेकॉर्डिस्ट : मिडी कीबोर्ड आहे, काका. त्याच्यात आवाजच नसतो.

पेटीवाले : मग दुकानदारानं पैसे कसले घेतले?

रेकॉर्डिस्ट : तो फक्त निरोप पाठवतो. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. आवाज काढायचं काम कॉम्प्युटरचं.

पेटीवाले : म्हणजे मी वाजवायचं नाही, नुसत्या चुगल्या करायच्या. माझी पेटी वर गाडीत पडली आहे, ती आणू का?

रेकॉर्डिस्ट : नको. निर्मात्यांना नंतर बदल करायची सोय हवी आहे. तुम्ही वाजवलेलंच पुढे बासरीत ऐकवता येतं, संतूरमध्ये ऐकवता येतं.

पेटीवाले : बोटं माझी आणि टाळ्या बासरीवाल्याला. पट्ट्या किती आहेत?

रेकॉर्डिस्ट : पंचवीस.

पेटीवाले : माझ्या पेटीला बेचाळीस आहेत. साडेतीन सप्तकं.

रेकॉर्डिस्ट : हे बटण दाबलं की सप्तक वर, ते दाबलं की खाली.

पेटीवाले : गजर टिपेला पोचलेला असताना मी बटण शोधू? त्यापेक्षा विठ्ठलालाच जरा खाली यायला सांगा. ही निरोपांची भानगड काढली कुणी?

रेकॉर्डिस्ट : अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी, या दोघांनी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात स्मिथांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ वायरीनं जोडले. एकावर वाजवलं आणि दुसरा वाजला.

पेटीवाले : दोघे एकाच धंद्यात?

रेकॉर्डिस्ट : एकमेकांचे प्रतिस्पर्धी. २०१३ साली दोघांना मिळून तांत्रिक ग्रॅमी दिलं.

पेटीवाले : आमच्याकडे एका गुरूचे दोन शिष्य एकमेकांना पेटी ट्यून करणाऱ्याचा पत्ता देत नाहीत.

रेकॉर्डिस्ट : त्या जुन्या वायरीला पाच पिना असायच्या, पण काम तीनच करायच्या.

पेटीवाले : उरलेल्या दोन कायम नोकरीत असणार. चल, काय वाजवू?

(काका एक आलापी वाजवतात.)

रेकॉर्डिस्ट : काका, फार हळू येतंय. जोर शून्य ते १२७ मोजतात, तुमचा पस्तीसच्या वर जात नाही.

पेटीवाले : पेटीत पट्टी आपट नाहीतर कुरवाळ, सूर तेवढाच. लहानमोठा करायचा तो भात्यानं. माझा डावा हात केव्हाचा हवेत भाता शोधतोय, दिसत नाही का तुला?

रेकॉर्डिस्ट : मला वाटलं तुम्ही ताल देताय. थांबा, डावीकडे ही दोन चाकं आहेत ना, त्यातल्या एकाला आवाज जोडून देतो. मी ‘लर्न’ दाबलं की तुम्ही जी वस्तू पहिली हलवाल तोच भाता. हं, हलवा.

पेटीवाले : जरा नीट बसू दे. (खुर्ची पुढे ओढतात. पाय खालच्या पेडलवर पडतो.)

रेकॉर्डिस्ट : गेलं. पेडलचा भाता झाला.

पेटीवाले : मग बरंच आहे की. ऑर्गनला आम्ही पायांनीच हवा भरायचो.

रेकॉर्डिस्ट : या पेडलला मधलं काही कळत नाही. दाबलं की १२७, सोडलं की शून्य.

पेटीवाले : (वाजवतात. एक सूर कानठळ्या बसवतो, पुढचा गायब.) अगदी आमच्या नाटक कंपनीचं मानधन. एका प्रयोगाला भरघोस, पुढच्याला काही नाही.

(रेकॉर्डिस्ट जोडणी पुसून चाकाला आवाज जोडतो. काका डाव्या हातानं चाक मागेपुढे करतात. सूर फुगतो, ओसरतो. चेहरा प्रथमच सैल होतो.)

पेटीवाले : हां! आता याच्यात श्वास आला. दुसऱ्या चाकाचं काय?

रेकॉर्डिस्ट : त्यानं सूर वाकतो. वर दोन सेमीटोन, खाली दोन.

पेटीवाले : वाकतो म्हणजे? मींड?

रेकॉर्डिस्ट : मींडच. मधे सोळा हजारांवर पायऱ्या आहेत.

पेटीवाले : अरे, पेटीवर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला दाराबाहेर काढली. १९७१ मध्ये ती बंदी सैल होईपर्यंत आमच्या आधीच्या पिढीनं काय काय ऐकून घेतलं! आणि ही मींड म्हणजे एवढंसं प्लास्टिकचं चाक? बघू. (खाली षड्ज-पंचम धरून वर गंधार वाजवतात आणि चाक फिरवतात. सगळंच घसरतं.) अरे, अरे! गंधाराबरोबर षड्ज कुठे निघाला?

रेकॉर्डिस्ट : एका चॅनलवरचे सगळे सूर एकदम वाकतात.

पेटीवाले : षड्जालाही? त्याला अचल म्हणतात, त्याचं तरी वय बघा! आकाशवाणीचं बरोबर होतं.

(ती मींड सोडून देण्यात येते. काका पहिला अंतरा वाजवतात. रेकॉर्डिस्ट स्क्रीनकडे पाहून कपाळाला हात लावतो.)

रेकॉर्डिस्ट : काका, पाय थांबवा. या खालच्या रेघा बघा, पेडलचं रानच्या रान माजलंय. भाता नसला तरी ते पेडल सूर धरून ठेवतं, म्हणून सगळे सूर एकमेकांत मिसळलेत.

पेटीवाले : पन्नास वर्षांची सवय आहे त्याला. मी हाताला सांगू शकतो, पाय माझं ऐकत नाही.

रेकॉर्डिस्ट : मग पेडलची वायर काढतो. पाय खुशाल चालू द्या.

पेटीवाले : आवाजही जरा मागून येतोय. मी बोट उचललं तरी शेपूट शिल्लक.

रेकॉर्डिस्ट : बफर १०२४ वर राहिलाय, साधारण तेवीस मिलिसेकंद. म्हणजे पेटी आठ मीटर लांब ठेवून ऐकल्यासारखं. १२८ वर आणला की तीनच उरतात. हं, आता वाजवा.

(दुसरा टेक. या वेळी सगळं जमतं. रेकॉर्डिस्ट खुशीत सगळे सूर निवडतो आणि क्यू दाबतो.)

पेटीवाले : काय केलंस?

रेकॉर्डिस्ट : क्वांटाइझ. जे सूर मात्रेच्या मागेपुढे होते ते रेघेवर आणून बसवले. तुम्ही अंतऱ्याच्या शेवटी जवळजवळ दरवेळी उशिरा येत होतात.

पेटीवाले : ऐकव. (ऐकतात.) हे कोण वाजवतंय?

रेकॉर्डिस्ट : तुम्हीच.

पेटीवाले : मी असा वाजवायला लागलो असतो तर बाईंनी मला १९९५ सालीच काढलं असतं. अरे, तो उशीर नव्हता. अंतरा संपवून ध्रुपदावर येताना बाई श्वास घेतात. मी तिथे बोट दाबलं तर श्वास ऐकू येतो, म्हणून त्यांना पुढे जाऊ देतो आणि मागून येतो. तिकडे ‘ज्ञानेश्वर’ शब्द असला तर ‘ज्ञा’साठी आणखी थोडा. तुझ्या रेघेला श्वास घ्यायचा नसतो, म्हणून तिला हे माहीत नाही.

रेकॉर्डिस्ट : थोडं कमी करता येतं. सॉफ्टवेअरमध्ये झोल द्यायला सोळा-ए पासून सोळा-एफपर्यंत सहा प्रकार आहेत.

पेटीवाले : भजनी ठेक्याचा झोल सहा प्रकारांत मावला असता तर वारीत इतके पखवाजी लागलेच नसते. होतं तसं कर.

रेकॉर्डिस्ट : (कमांड झेड दाबत) झालं.

पेटीवाले : एवढ्यात?

रेकॉर्डिस्ट : कमांड झेड. एक पाऊल मागे.

पेटीवाले : किती मागे जातं हे?

रेकॉर्डिस्ट : हवं तर पहिल्या सुरापर्यंत.

पेटीवाले : (काही क्षण त्याच्या बोटांकडे पाहून) तू खाली बघतच नाहीस. बोटं आपली आपण जातात.

रेकॉर्डिस्ट : सवय. स्पेस दाबला की चालू, आर दाबला की रेकॉर्ड, के म्हणजे मेट्रोनोम. माउसनं शोधत बसलो तर तासाचे पैसे वाढतात.

पेटीवाले : रियाज चांगला आहे. कुणाकडे शिकलास?

रेकॉर्डिस्ट : आधीच्या स्टुडिओत एक दादा होते. माउसला हात लावला की ओरडायचे.

पेटीवाले : मग गुरू खरे होते.

रेकॉर्डिस्ट : हा अजून एक बघा. तुमचा कीबोर्ड बंद पडला तरी चालेल. कमांड के दाबलं की लॅपटॉपचीच पेटी होते. ए ही पांढरी एक, डब्ल्यू काळी एक, एस पांढरी दोन...

पेटीवाले : (वाजवून पाहत) ए एस डी एफ जी एच जे. हे तर सरळ सा रे ग म. आणि मधली ही आर? ती गप्प का?

रेकॉर्डिस्ट : कारण खाली डी आणि एफच्या मधे काळी पट्टी नाही. म्हणून ती सूर नाही, रेकॉर्डच राहते.

पेटीवाले : चांगलं डोकं आहे. (रेकॉर्डिस्ट सवयीनं मेट्रोनोमसाठी के दाबतो. तार षड्ज वाजतो.) हा कुणी लावला?

रेकॉर्डिस्ट : मी. पेटी बंद करायची राहिली. (आवाजांची लायब्ररी उघडायला वाय दाबतो. पुन्हा सूर.) श्या!

पेटीवाले : थांब. ही काळी चार ना? बाईंची पट्टी.

रेकॉर्डिस्ट : हो. कागदावर तेच लिहिलंय.

पेटीवाले : (दाराकडे बघून, आवाज उतरवून) कागदावर बरोबर आहे. गळ्यात ती पट्टी अलीकडे पांढरी पाच झाली आहे. वयोमानानं उतरतेच, माझे गुडघेही उतरले. पण हे बोलणार कोण? मैफलीत मी स्केलचेंजर पेटीचा पट्ट्यांचा सांगाडा एक घर सरकवायला जातो, खट् वाजतं, आणि बाई वळून बघतात. की मी परत काळी चारवर.

रेकॉर्डिस्ट : इथे खट् वाजत नाही. ट्रॅकच्या ट्रान्सपोजमध्ये वजा एक लिहितो. तुम्ही काळी चार दाबा, निरोप ६८चा जाईल आणि वाजेल ६७, पांढरी पाच.

पेटीवाले : आणि माझी बोटं?

रेकॉर्डिस्ट : काळी चारवरच दिसतील.

पेटीवाले : (कीबोर्डकडे आदरानं पाहत) ते अमेरिकेतले आणि जपानमधले दोघे... एक ग्रॅमी कमीच पडलं रे. तबला?

रेकॉर्डिस्ट : उद्या आहे. त्यांना गुपचूप पांढरी पाचचा आणायला सांगतो. तुम्ही हा लूप चालू ठेवून हात मोकळे करा, मी वरून चहा घेऊन येतो.

(रेकॉर्डिस्ट जातो. काका वाजवतात, मधूनच स्वतःशी मनमोकळं बोलतात. एकदा सप्तक बदलायला हात लांबवून मिक्सरवरचं कुठलंसं बटण दाबतात. अंतऱ्यानंतर अशी एक जागा येते की ते स्वतःच मान हलवतात. रेकॉर्डिस्ट चहा घेऊन परत येतो.)

पेटीवाले : गेली. आत्ता एक जागा आली होती, तू नेमका चहाला.

रेकॉर्डिस्ट : लूप चालू होता ना? मग नाही गेली. (शिफ्ट आणि आर दाबतो. पडद्यावर काकांनी वाजवलेलं सगळं उमटतं.)

पेटीवाले : रेकॉर्ड न दाबता? म्हणजे हे सगळा वेळ ऐकत बसलं होतं?

रेकॉर्डिस्ट : शेवटचं वाजवलेलं ते धरून ठेवतं. मागितलं तर देतं.

पेटीवाले : (चहा खाली ठेवत) आणि तोंडानं बोललो ते?

रेकॉर्डिस्ट : ते मिडीत येत नाही. त्यात फक्त पट्ट्यांचे निरोप.

पेटीवाले : सुटलो.

रेकॉर्डिस्ट : काका, टॉकबॅकचा लाल दिवा का लागलाय?

पेटीवाले : ते सप्तकाचं बटण नव्हतं?

(बूथच्या काचेपलीकडे गायिकाबाई हेडफोन लावून बसलेल्या आहेत. केव्हा आल्या ते कुणालाच कळलं नाही.)

गायिका : (स्पीकरमधून) ‘काळी चार आता फक्त पोस्टरवरच लागते’ हे कुणाबद्दल चाललं होतं?

पेटीवाले : लाउडस्पीकरबद्दल.

गायिका : असं. आणि मघापासून हेडफोनमध्ये येतेय ती पांढरी पाच ना?

रेकॉर्डिस्ट : हो. म्हणजे, लगेच बदलतो.

गायिका : राहू दे. मी इथे बसून सोबत म्हणून पाहिलं, वर जायला बरं पडतंय. काका, ध्रुपदावर येताना थांबलात तसेच थांबा. आणि बाळ, नाव मात्र काळी चारच लिही.

रेकॉर्डिस्ट : (शिफ्ट आणि रिटर्न दाबून ट्रॅकला नाव देत) अभंग एक... पेटी... काळी चार.