कव्हरेजचा नकाशा रंगवणाऱ्या कलावंतास

माननीय नकाशाकार महोदय,



आमच्या मोबाइल कंपनीच्या वेबसाइटवर आपण रंगवलेला कव्हरेजचा नकाशा पाहिला आणि पत्र लिहिल्यावाचून राहवेना. मानकोली, अंजूरफाटा, राजनोली, पडघा, थेट कसारा घाटापर्यंत एकसारखा गडद रंग! कुठे टिकलीएवढी जागा सुटलेली नाही. असा सफाईदार हात आमच्या तालुक्यातल्या डांबरावर फिरायला हवा होता.

आता आमचे अडाणीपण ऐका. भिवंडीच्या गोदामातून माल भरून गाडी नाशिककडे निघते, तेव्हा ड्रायव्हरला फोन नुसता बोलण्यापुरता लागत नाही. ई-वे बिल दाखवायचे, गेटवर ओटीपी सांगायचा, पार्टीला लोकेशन पाठवायचे. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर ई-वे बिलावरचा गाडी नंबरही ऑनलाइन बदलायचा. आणि गाड्यांना बिघडायला घाटच आवडतो. तिथे रेंजला डोंगर आडवा येतो. गोदामात पत्र्याचे छत. अंजूरफाट्यावर मात्र काहीच आडवे येत नाही. काड्या फुल्ल असतात, पण कोंडीत अडकलेले सगळे फोन एकाच टॉवरला लोंबकळतात आणि ओटीपी त्या गर्दीतच कुठेतरी हरवतो. रिचार्ज संपत आल्याची आठवण तेवढी वेळेवर पोहोचते, हे कबूल करायला हवे.

टपावर सिग्नल बूस्टर बसवावा म्हटले, तर तोही बेकायदा. परवानाधारक कंपन्यांखेरीज कुणी तो विकू किंवा वापरू नये, असे दूरसंचार विभागाने 2022 मध्ये बजावले आहे. कारण रास्त आहे: असले यंत्र सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवते आणि शेजारपाजारचे फोन नासवते. थोडक्यात, रेंज द्यायचा हक्क कंपनीचा आणि न द्यायचाही.

भरपाईचे म्हणाल, तर दूरसंचार नियामक ट्रायने 2015 मध्ये हुकूम काढला होता. तुटलेल्या कॉलमागे 1 रुपया, दिवसाला फार तर 3. इतक्या पैशात अंजूरफाट्यावर कटिंगही येत नाही, तरी कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि मे 2016 मध्ये तो हुकूम रद्द झाला.

तेव्हा आमचे ड्रायव्हर आपापले बघतात. घाट लागायच्या आत, शहापूरलाच रस्त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवतात, बिलाचा स्क्रीनशॉट काढतात. फाइव्ह-जीचा हट्ट सोडून फोर-जीवर येतात. एरोप्लेन मोड चालू-बंद करून फोनला नव्याने टॉवर शोधायला लावतात. कॉल लागत नाही तिथे साधा एसएमएस टाकतात, तो बहुधा पार होतो. शिवाय चार्जर लावलेलाच, कारण टॉवर लांब गेला की फोन जास्त जोर लावतो आणि बॅटरी उतरते. या सल्ल्याचे आम्ही कंपनीला बिल लावलेले नाही.

मागणे एकच: जिथे रेंज नाही, तेवढा तुकडा नकाशात पांढरा सोडा. टॉवर उभारण्यापेक्षा ते स्वस्त पडेल आणि पुढे पांढरे आहे हे कळले की ड्रायव्हर आधीच गाडी बाजूला घेऊन फोन उरकेल.

रंगकामाची खात्री करायला भिवंडीत अवश्य या. फक्त वेळ संध्याकाळी सातची ठेवा. रविवारी पहाटे आलात, तर इथे नेटवर्कच काय, रस्ताही चांगला वाटतो.

आपला,
एक प्रीपेड ग्राहक