आरोग्यापुरती रम

उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवर ‘मोहितो’ सुरू होतो: लिंबू, पुदिना, साखर, सोडा, पांढरी रम. रम वगळली तर हे आजीचं सरबतच. आजी फक्त त्याचे फोटो काढत नव्हती.

रम घालायची तर १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो. बंदी आहे म्हणून परवाना आहे, आणि परवाना कशासाठी? प्रकृती राखण्यासाठी! वय मात्र २५ हवं. म्हणजे १८व्या वर्षी आमदार निवडा, २१व्या वर्षी बोहल्यावर चढा. त्यानंतर प्रकृतीला आधार लागला, तरी चार वर्षं नुसताच पुदिना चघळा.

बर्फाला परवाना लागत नाही. त्याला लाईट लागते.