विषय : वेळेत बंद न पडल्याबाबत

प्रति,
श्री. रडारेंज (मायक्रोवेव्ह ओव्हन, मॉडेल सन १९६७),
मूळ गाव अमाना, आयोवा राज्य, अमेरिका.

महोदय,

आपण अद्याप चालू आहात, असे खात्रीलायकरीत्या समजते. अमेरिकेतल्या काही घरांच्या तळघरांत आणि काही आजीबाईंच्या ओट्यावर आपण आणि आपले सत्तर-ऐंशीच्या दशकांतले धाकटे भाऊबंद अजूनही दूध गरम करून देता. वेळ संपली की एकदा घंटी वाजवून गप्प बसता. आधी घड्याळ लावा, भाषा निवडा, वायफाय जोडा, असा हट्ट धरत नाही. आजच्या बाजाराच्या दृष्टीने हे वर्तन अत्यंत आक्षेपार्ह आहे. सबब आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा मागवण्यासाठी हे पत्र. ते खुले ठेवावे लागले, कारण आपल्याला ना ई-मेल, ना ॲप. पाठवायचे तरी कुठे?

पत्र लिहिण्याआधी पत्रलेखकाने आपली सेवापुस्तिका चाळली. घराणे लष्करी दिसते. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी जो मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी काढणारी नळी) घडवला, तो रडारसाठी, शत्रूची विमाने हेरण्यासाठी होता. पुढे अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे गृहस्थ त्यावर काम करत होते. शालेय शिक्षणही त्यांच्या वाट्याला पुरते आले नव्हते. १९४५ मध्ये चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना खिशातली गोड वडी वितळली आणि स्पेन्सरसाहेबांनी कपडे खराब झाल्याची तक्रार न करता मक्याचे दाणे मागवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेटंटचा अर्ज दाखल झाला. आपले १९४७ मधले पूर्वज माणसाएवढे उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचे. त्यांना थंड ठेवायला पाण्याची जोडणी लागे आणि किंमत हजारो डॉलर. साहजिकच ते हॉटेलांत आणि जहाजांवरच नांदले. १९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती मॉडेल काढले ते १,२९५ डॉलरला, म्हणजे घरगुती म्हणायचे ते केवळ सौजन्य म्हणून.

मग १९६५ मध्ये रेथिऑनने अमानाची फ्रिज बनवणारी कंपनी विकत घेतली आणि दोन वर्षांत आपला जन्म झाला: ओट्यावर मावणारे, घरातल्या साध्या प्लगवर चालणारे, ४९५ डॉलरचे. एक नोंद सेवापुस्तिकेत नाही, म्हणून इथे करून ठेवतो. अमाना हे एका जर्मन धार्मिक पंथाच्या लोकांनी वसवलेले गाव, आणि १९३२ पर्यंत तिथे घरोघरी चूलच नव्हती. सगळ्यांचा स्वयंपाक सामुदायिक मुदपाकखान्यात व्हायचा. एकट्या माणसाने रात्री साडेदहाला एकट्याची वाटी गरम करून घ्यावी, याची घरोघर सोय करून देणारे यंत्र नेमके त्या गावात तयार झाले.

आता आरोप. पहिला असा की, आपण महाग होता आणि त्याची लाज बाळगली नाही. त्या काळी सर्वसाधारण अमेरिकी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न सात-आठ हजार डॉलरच्या घरात होते. म्हणजे आपल्यासाठी तीनेक आठवड्यांची कमाई मोजावी लागे. आजच्या हिशेबात ते ४९५ डॉलर चार हजारांच्या वर जातात. एवढे पैसे घेतल्यावर पत्रा जाड घालणे, तारेत तांबे घालणे आणि दाराची बिजागरी माणसाच्या आयुष्याला पुरेल अशी बसवणे हे काही उपकार नव्हेत. आज अमेरिकेत साधा मायक्रोवेव्ह शंभर डॉलरच्या आत, एका दिवसाच्या पगारात मिळतो. तो चार-पाच वर्षांनी गेला तर घरात सुतक धरत नाहीत. ‘पैसे वसूल झाले’ म्हणतात. जुन्या वस्तूंच्या आठवणीने गळा काढणाऱ्या मंडळींच्या तोंडून किमतीचा हा आकडा सहसा ऐकू येत नाही.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे: आपल्याला उघडता येते.

आपल्या पोटात काय आहे? जाडजूड ट्रान्सफॉर्मर, एक कपॅसिटर, एक डायोड आणि मॅग्नेट्रॉन. ट्रान्सफॉर्मर घरातली वीज दोनेक हजार व्होल्टपर्यंत चढवतो, कपॅसिटर आणि डायोड मिळून तिची जवळपास दुप्पट करतात आणि मॅग्नेट्रॉन त्यातून २,४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी काढतो. पुढच्या बाजूला फिरवायचा टायमर: आत छोटी मोटर, दातेरी चाके आणि घंटी. बस. गंमत म्हणजे शंभर डॉलरच्या साध्या ओव्हनच्या पोटातही हेच चार ऐवज असतात. तारेत तांब्याऐवजी पुष्कळदा ॲल्युमिनियम असते आणि पत्रा बोटाने दाबला तर आत जातो, एवढा फरक. आपल्यात नसलेली आणि त्यांच्यात असलेली गोष्ट म्हणजे बटणांची ती प्लास्टिकची चकचकीत पट्टी. तिच्या आतल्या पडद्यांवर विजेच्या बारीक रेघा छापलेल्या असतात. रोज हजार बटणांतून माणूस दाबतो एकच, ‘स्टार्ट’, आणि तीच रेघ आधी भेगाळते. पिझ्झा, पॉपकॉर्न, बटाटा आणि ‘डीफ्रॉस्ट पोल्ट्री’ ही बटणे कोरी करकरीत राहतात. ओव्हन ठणठणीत, पण चालू होत नाही.

दुसरे दुखणे दारात असते. दाराच्या कडीमागे सहसा तीन छोटे स्विच दडलेले असतात. दार उघडे असताना त्यांतला एखादा चिकटून ‘बंद आहे’ अशी खोटी साक्ष देऊ लागला, तर लहरी स्वयंपाकघरात पसरू नयेत म्हणून तिसरा स्विच मुद्दाम शॉर्टसर्किट करून फ्यूज उडवतो. हे अगदी योग्य आहे आणि नियमाप्रमाणे आहे. पण मालकाला दिसते ते इतकेच: दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. कव्हर काढावे तर स्क्रू सहा पाकळ्यांचे आणि मधोमध टोचणी असलेले, घरातल्या कुठल्याच स्क्रू ड्रायव्हरला दाद न देणारे. मेकॅनिक बोलवावा तर तो दारातूनच सांगतो, ‘‘बोर्ड गेलाय, साहेब. नवीनच घ्या, परवडेल.’’ आणि खरोखरच परवडते, हीच तर पंचाईत. पांढऱ्या सिरॅमिकचा एक फ्यूज आणि नखाएवढा एक स्विच यांच्यापायी पंधरा किलोचा ऐवज भंगारात निघतो.

आतल्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या तुकड्याचीही तीच कथा. त्यावर वरणाचे शिंतोडे उडतात, ते जळून कोळसा होतात, ठिणग्या फुटू लागतात आणि घरातले सगळे ओव्हनचा स्फोट होणार म्हणून हॉलमध्ये जाऊन उभे राहतात. हा अभ्रकाचा पत्रा सुटा मिळतो आणि साध्या कात्रीने मापात कापून बसवता येतो. ही माहिती पुस्तिकेत ठळक छापली, तर नव्या ओव्हनचा खप घटेल, असे बाजाराचे म्हणणे असावे.

वेळेत न मरणाऱ्यांवर कारवाई करण्याची प्रथा आपल्याहून जुनी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आदी दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ उभारला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तास ठरवले. दिवे प्रयोगशाळेत तपासले जात. ठरल्याहून जास्त जगणारा दिवा सापडला तर बनवणाऱ्याला दंड. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा शेल्बी कंपनीचा बल्ब या तडाख्यातून सुटला. अर्थात तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तो आता जेमतेम चार वॉटचा मिणमिणतो. तार कमी तापवली की बल्ब जास्त जगतो आणि उजेड कमी देतो, हा भौतिकशास्त्राचा नियम फीबसवाल्यांच्या बाजूनेही थोडा उभा राहतो. त्यानंतर १९५४ मध्ये ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने उघडच मांडले की, गिऱ्हाइकाला गरज पडण्याच्या थोडे आधीच नवे घ्यावेसे वाटले पाहिजे. माणूस निदान प्रामाणिक होता. आपल्या बाबतीत मात्र कुठल्या संघाला जिनिव्हाला जावे लागले नाही. किंमत उतरत गेली, तसे गिऱ्हाइकानेच हसतमुखाने सही केली.

या प्रकरणी मुंबईचा एक सहआरोपीही निष्पन्न झाला आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला माधुरी माथुर यांच्या घरातला जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणापुढे हात टेकून बसला आणि तो दुरुस्त करून मिळण्याची सोय इथे नव्हती. पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी ओले खोबरे, भिजवलेली डाळ आणि हळकुंड यांना पुरून उरेल अशी मोटर घेऊन मिक्सर बनवायला घेतला. १९६३ मध्ये कंपनी निघाली आणि ‘सुमीत’ घरोघरी गेला. पुढे ११० व्होल्टचे सुमीत अमेरिकेतल्या भारतीयांच्या ओट्यांवरही पोचले. हा मिक्सर बिघडत नसे, असे सांगणाऱ्यांनी तो वापरलेला नाही. कार्बन झिजायचे, भांड्याखालचा कपलर तुटायचा, जास्त घाई केली तर मोटरही जळायची. पण कार्बन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत, कपलर शेजारचे काका बसवून देत, आणि ‘वाइंडिंग करून मिळेल’ अशी पाटी प्रत्येक पेठेत होती. पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या भागांची दुकाने चालत आली ती याच हिशेबावर: झिजणारा भाग झिजायचाच, तो बदलायचा आणि उरलेले यंत्र पुढच्या पिढीच्या लग्नात जुने म्हणून भावजयीला द्यायचे.

आपल्या बाजूने इतके लिहिल्यावर आपल्या विरुद्धचे खरे पुरावेही नोंदवणे क्रमप्राप्त आहे. मायक्रोवेव्हमधून किती लहरी बाहेर गळाव्यात, याचा अमेरिकी सरकारचा दंडक १९७१ मध्ये लागू झाला: पाच सेंटिमीटर अंतरावर, नवा असताना चौरस सेंटिमीटरला एक मिलिवॉट आणि आयुष्यभरात पाच. आपण १९६७ चे. दारांच्या फटींचा विषय आपल्या काळात मोकळाढाकळाच होता. १९७३ मध्ये तिथल्या कन्झ्युमर्स युनियनने तर तपासलेला एकही मायक्रोवेव्ह पूर्ण सुरक्षित म्हणायला नकार दिला. आपले समवयस्क फ्रिज आणखी मोठे गुन्हेगार. सत्तरच्या दशकाच्या मध्याला सरासरी अमेरिकी फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज खायचा. आजचा त्याहून मोठा असून साधारण तिसऱ्या हिश्शात भागवतो. शिवाय त्या जुन्यांच्या नळ्यांत ओझोनचा थर पोखरणारा वायू खेळत असे. तो आवरायला १९८७ मध्ये माँट्रियलला करार करावा लागला. तेव्हा चाळीस वर्षांचा फ्रिज ‘अजून नव्यासारखा’ म्हणून गॅरेजमध्ये चालू ठेवणाऱ्यांनी विजेचे बिलही तितक्याच अभिमानाने भिंतीवर लावावे.

आणखी एक. आपण जिवंत आहात म्हणून आपली पिढीच अमर होती, असे समजले जाते. आपले कितीतरी भाऊबंद ऐंशीच्या दशकातच भंगारात गेले. त्यांच्यावर लेख लिहायला कोणी बसत नाही.

दरम्यान, सरकारे आपला खटला भलत्याच दिशेने नेत आहेत. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून फ्रिज आणि वॉशिंग मशिनचे ठराविक सुटे भाग सात ते दहा वर्षे मिळाले पाहिजेत आणि ते नेहमीच्या हत्यारांनी बदलता आले पाहिजेत. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही उपकरणांवर ती किती दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापतात. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टलही उघडले. पोर्टल झाले म्हणजे निम्मे काम झालेच. त्याच २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. वायफायवर चालणारे आपले तरुण सहकारी त्या ढिगात आपल्याआधी पोचले आहेत, हे त्यांच्या कार्यक्षमतेचे निदर्शक मानावे.

तरी आपण खालील मुद्द्यांचा खुलासा पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत करावा. आपल्याला साधे स्क्रू कोणाच्या परवानगीने बसवण्यात आले? टायमर फिरवून चालणारा असताना आपण अपडेट का मागितला नाही? आणि शंभर डॉलरचे दहा ओव्हन विकत घेणे अर्थव्यवस्थेला हितकारक असताना एकाच मालकाकडे इतकी वर्षे राहण्यामागे आपला नेमका हेतू काय? मुदतीत उत्तर न आल्यास आपण चालूच राहणार आहात, असे गृहीत धरण्यात येईल.

कळावे,
आपला नम्र,
वॉरंटी संपलेला एक ग्राहक

ता. क. – ही नोटीस आपल्या पाठीवर चिकटवायला येणाऱ्या कर्मचाऱ्यास सूचना आहे की, प्लग काढला तरी आतला कपॅसिटर काही काळ हजारो व्होल्टचा भार धरून असतो. त्यामुळे आरोपी बंद दिसत असला तरी कव्हर उघडून खात्री करायला जाऊ नये. नोटीस वरच्या पत्र्यावर, हवा जायच्या फटी सोडून लावावी.