भुतांच्या जत्रेला लेकरांना नेताना: नवशिक्या आईबापांसाठी

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ डिस्नेचं ‘मॅजिक किंगडम’ हे उद्यान आहे. ऑगस्टच्या मध्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत, ठरावीक रात्री, संध्याकाळी ७ ते रात्री १२ या वेळात तिथे ‘मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोविन पार्टी’ भरते. १९९५ साली ती एका रात्रीपुरती सुरू झाली, आता अडीच महिने चालते. गणपतीलासुद्धा आपण इतके दिवस ठेवून घेत नाही.

आता दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून बघा. चार वर्षांचं मूल रात्री साडेआठच्या सुमारास झोपतं. पार्टीतली जी मिरवणूक बघायला माणसं विमानाने येतात, ती बहुतेक रात्री सव्वानऊला निघते. मधल्या या पाऊण तासात तुमची तिकिटं, हॉटेल, पेट्रोल आणि निम्मा संसार अडकलेला आहे. पुढच्या सगळ्या सूचना त्या पाऊण तासासाठी आहेत.

पायरी पहिली: आपली भुतं कोणती ते नीट बघून घ्या

ऑरलँडोत या मोसमात दोन जातींची भुतं मिळतात. डिस्नेची भुतं हात हलवतात आणि गोळ्या वाटतात. शेजारच्या युनिव्हर्सल स्टुडिओत १९९१ पासून जो कार्यक्रम चालतो, त्याचं आजचं नाव ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’. तिथली भुतं अंधारातून करवत घेऊन अंगावर येतात. १३ वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं कंपनी स्वतःच सांगते, आणि तिथे पाहुण्यांना सोंग घेऊन यायलाही बंदी आहे. तिकिटं दोन्हींची फोनवरच निघतात. घरातल्या कुणी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मांडीवर फोन धरून ती काढली असतील, तर निघण्यापूर्वी बुकिंग एकदा मोठ्याने वाचून घ्या.

डिस्नेच्या पार्टीचं तिकीट वेगळं. दिवसाच्या तिकिटावर आत असलेल्यांना पार्टीआधी बाहेर काढतात, पार्टीवाल्यांच्या मनगटावर पट्टी बांधतात. २०२४ साली मोठ्या माणसाचं तिकीट रात्रीप्रमाणे ११९ डॉलरपासून १९९ डॉलरपर्यंत होतं. म्हणजे ऑगस्टमधली घामट रात्रही माणशी दहा हजार रुपयांच्या घरात. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना दहा डॉलर सूट, दहाव्या वर्षी मूल मोठं माणूस समजलं जातं, तीनच्या आतलं मूल फुकट. तेव्हा सर्वांत सोयीचं मूल दोन वर्षं अकरा महिन्यांचं. त्याला काहीही आठवणार नाही हा त्यातला एकमेव दोष, पण फोटो आहेत.

पाऊस आला तरी पार्टी होते आणि पैसे परत मिळत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात फ्लोरिडाचं आभाळ दुपारनंतर हटकून गडगडतं, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा अधिकृत मोसम आहे. रेनकोट घरून न्या. आत विकत घेतलात तर तोही स्मरणिकेच्या भावात पडतो.

पायरी दुसरी: सोंग

या पार्टीत मोठ्यांनाही सोंग घेता येतं. मात्र १४ वर्षांच्या आणि त्यावरच्यांनी मुखवटा घालायचा नाही, पोशाख जमिनीवर लोळता कामा नये आणि हत्यार खऱ्यासारखं दिसता कामा नये. ह्यूस्टन-न्यूजर्सीकडच्या मराठी घरांत मंडळाच्या शिवजयंतीचा मावळा कपाटात घडी करून ठेवलेला असतो. तो चालेल. पत्र्याची चकचकीत तलवार घरी ठेवा. प्लॅस्टिकची, लांबूनच प्लॅस्टिकची आहे हे कळेल अशी घ्या.

पोरांचं सोंग निवडताना ते फोटोत कसं दिसेल हे बघू नका, कसं निघेल ते बघा. नमुन्यादाखल डायनासोर घेऊ. हिरवा, डोक्यापासून पायापर्यंत अखंड, चेन पाठीवर, शेपटीत कापूस. स्थळ: स्वच्छतागृह. डायनासोर गुडघे एकमेकांवर दाबून उभा आहे आणि ‘आई, आत्ता, आत्ता’ एवढंच म्हणतोय. चेन मानेपासून चार बोटं खाली येऊन अस्तरात अडकली आहे. आई एका हाताने अस्तर ओढतेय, दुसऱ्या हाताने शेपूट ओल्या फरशीवरून उचलून धरतेय, आणि बाहेर स्ट्रोलर धरून उभे असलेले बाबा दर वीस सेकंदांनी विचारतायत, ‘झालं का?’ झालंय. म्हणून सांगते, दोन तुकड्यांचं सोंग घ्या. हिरवी पँट, हिरवा टी-शर्ट, डोक्यावर डायनासोरची टोपी. रात्री आठला गरम झालं की टोपी तुमच्या पिशवीत येईल आणि पोरगं साध्या कपड्यांत सुखाने हिंडेल. बदलायचे कपडे तरीही बरोबर असू द्या. उद्यानातली मेन स्ट्रीट संपते तिथे क्रिस्टल पॅलेस या रेस्टॉरंटशेजारी बेबी केअर सेंटर आहे, तिथे एसी आहे, बदलायला टेबल आहे, दूध पाजायला निवांत खोली आहे. अख्ख्या उद्यानात आईला इतकी शांत जागा दुसरी नाही. बाळ नसेल तर दुसऱ्याचं मागून न्यावं असं वाटतं.

पायरी तिसरी: दुपारची झोप

हे कलम महत्त्वाचं आहे आणि पाळलं जाणार नाही. पार्टीच्या तिकिटावर दुपारी ४ पासून आत सोडतात. अनुभवी लोक सकाळी कुठेही जात नाहीत, मुलांना जेवू घालून दुपारी दोन तास झोपवतात आणि मग निघतात. तुम्ही मात्र ‘इतक्या लांब आलोय तर’ या मंत्राने सकाळी हॉटेलच्या तरणतलावात पोहायला जाल, आणि पोरं गाडीत, पार्किंगच्या अलीकडे पाच मिनिटं, झोपतील. त्यांना उठवू नका. एसी चालू ठेवून एकाने गाडीत बसा. चार वाजता आत धावून मिळतं काय, तर डिस्नेच्या सिनेमांतले जॅक आणि सॅली, सात बुटके अशा पात्रांबरोबर फोटो काढायच्या रांगेत आधीपासून उभं राहायचा मान. त्या रांगा कधी कधी तासाच्याही पलीकडे जातात. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पात्रांवरून आठवलं, ही पायरी क्रमांकात बसत नाही पण सांगायलाच हवी. मुलं भुतांना घाबरत नाहीत, ओळखीच्यांना घाबरतात. फोनवर वीतभर दिसणारा लाडका मिकी प्रत्यक्षात समोर येतो तेव्हा त्याचं डोकं बाबांच्या छातीपेक्षा रुंद असतं, तोंड हलत नाही, आणि तो हात पसरून जवळ येत राहतो. पन्नास मिनिटं रांगेत ‘मिकी कधी?’ विचारणारी मुलगी त्याच क्षणी आईच्या मानेत तोंड खुपसून असं भोकाड पसरते की मागची रांगही हळहळते. फोटोग्राफर मात्र ‘स्माइल’ म्हणत राहतो. फोटो घ्या. त्यात मिकी आणि तुम्ही दोघं हसताय आणि मध्ये एक पाठ आहे, असा फोटो बहुतेक घरांत असतो. हे टाळायचं असेल तर आधी लांबून दाखवा, हात हलवू द्या, आणि तिने ‘चल’ म्हटल्यावरच रांगेत लागा.

पायरी चौथी: आजी

मराठी कुटुंबात या वयाच्या मुलांबरोबर बऱ्याचदा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी असते. पार्टीच्या सप्टेंबरातल्या काही तारखा पितृपक्षात येतात हे तिला तिकिटं काढल्यानंतर कळतं.

“अगं, पितृपक्षात कुणी पोरांना भुताच्या वाड्यात नेतं का?”

“आई, खोटी भुतं आहेत ती.”

“मग खोटी बघायला एवढे पैसे कशाला?”

या प्रश्नाला उत्तर नाही, तेव्हा देऊ नका. आजीला बरोबर घ्या, कारण स्ट्रोलरशेजारी बाकावर बसून झोपलेलं मूल सांभाळणारं माणूस या पार्टीत सोन्याच्या मोलाचं असतं. शिवाय भुतांच्या बाबतीत तिचा अभ्यास तुमच्यापेक्षा दांडगा असतो. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ हे तिच्या तोंडून ऐकून वाढलेल्या नातवंडाला डिस्नेचं काहीच जड जात नाही.

भुताचा वाडा म्हणजे हाँटेड मॅन्शन. हा खेळ १९७१ साली उद्यान उघडलं तेव्हापासूनचा. वाड्यात ९९९ भुतं आहेत आणि हजाराव्याची जागा रिकामी आहे, असं आत सांगतात. उंचीची अट नाही, गाडी संथ चालते, नाचणारी पारदर्शक भुतं तर मुलांना आवडतातच. अवघड असतात ती सुरुवातीची दोन मिनिटं. एका बंद खोलीत उभं करतात, भिंती ताणल्यासारख्या उंच होत जातात, मग अंधार, कडकडाट आणि किंकाळी. तेवढा वेळ मूल कडेवर घ्या आणि कानात काहीतरी बोलत राहा. उद्या नाश्त्याला काय हवं, हा विषय चांगला चालतो. पार्टीच्या रात्री गर्दी कमी सोडतात, त्यामुळे अशा खेळांच्या रांगा दिवसापेक्षा बऱ्याच छोट्या असतात. दोन खेळ करा, तिसरा नको.

खाऊचं सांगायचं राहिलं. दारात पिशवी मिळते, उद्यानात जागोजागी ठाणी असतात, तिथे रांगेतून पुढे सरकत राहायचं आणि मूठमूठ चॉकलेटं पिशवीत पडत जातात. एकाच ठाण्यावर परत परत जायला बंदी नाही. कुणाला शेंगदाणे-दूध वगैरेची ॲलर्जी असेल तर वेगळी सोय आहे, दारातच विचारा. एक अट मात्र तुमची तुम्ही घाला: मिरवणुकीआधी दोनच गोळ्या. पोटातली साखर मुलाला जागं ठेवते हा समज सोडा. ती त्याला रडवते, आणि मग ते जागं राहतं.

पायरी पाचवी: मिरवणूक

कोकणात वेताळाच्या पालखीच्या गोष्टी सांगतात. रात्री मशाली दिसल्या तर वाट सोडून बाजूला व्हायचं, वळून बघायचं नाही. इथली पालखी बघायला लोक रस्त्याच्या कडेला तासभर आधी बूड टेकून बसतात.

मिरवणूक उद्यानाच्या फ्रंटियरलँड या भागातून निघते आणि मेन स्ट्रीटवर संपते. म्हणून मेन स्ट्रीटवर बसू नका. फ्रंटियरलँडमध्ये तीच मिरवणूक आधी येते, आणि तुमच्याकडे त्या वेळी मिनिटांचा हिशेब आहे. दुसरी फेरी सव्वाअकराला असते, तिला गर्दी फार कमी असते असं जाणकार सांगतात. त्या जाणकारांना मुलं नसतात.

सर्वांत आधी येतो डोकं नसलेला घोडेस्वार. वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२० साली छापलेल्या गोष्टीतला हा, डिस्नेने १९४९ साली त्याला पडद्यावर आणला. दिवे मंद होतात, काळा घोडा टापा वाजवत भरधाव येतो, स्वाराच्या हातात पेटलेला भोपळा. चांगले पन्नाशीचे लोकही श्वास धरतात. तुमचं मूल विचारेल, ‘त्याचं डोकं कुठंय?’ ‘हातात’ असं सांगा. ‘मग तो जेवतो कसा?’ याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा, कारण पुढची वीस मिनिटं हाच विषय चालणार आहे. रस्ता ओला असला तर घोडा येत नाही, तेव्हा पावसाच्या रात्री त्याचं नाव आधी काढू नका.

मग वाजतगाजत बाकीचे येतात. त्यात थांबून बघण्यासारखे आहेत ते हाँटेड मॅन्शनचे कबर खोदणारे. हातात कंदील आणि फावडी घेऊन ते एका तालात चालतात, मध्येच सगळे मिळून फावडी रस्त्यावर खरडतात आणि अंधारात ठिणग्यांचा पट्टा उठतो. आवाज दातांतून जातो. मुलं या जागी हसतील की किंचाळतील हे सांगता येत नाही, पण झोपलेलं मूल हमखास जागं होतं. इथेच तुमचा पाऊण तास वसूल होतो. बाकी कशासाठीही नाही, या ठिणग्यांसाठी चार वर्षांच्या मुलाला उशिरापर्यंत जागवलेलं मला पटतं.

पायरी सहावी: पळा

सव्वादहाला आतषबाजी आहे. सुंदर असते. ती बघायला उद्यानातल्या किल्ल्यासमोर थांबलात तर नंतर तिथली सगळी गर्दी आणि तुमचा स्ट्रोलर एकाच रस्त्याने एकाच वेळी बाहेर निघतील. त्याऐवजी मिरवणूक गेल्या गेल्या दाराकडे चालू लागा. स्वतःच्या गाडीने आलेल्यांची गाडी उद्यानाच्या दाराशी नसते. ती तळ्यापलीकडे असते, आणि तिथवर मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जायचं. बोट घ्या. वेळ जमली तर पाण्यावरून आतषबाजी दिसते, आवाज लांबून येतो, मुलांचे कान दुखत नाहीत आणि आजीला बसायला मिळतं.

पलीकडच्या पार्किंगच्या भागांना डिस्नेच्या नायकांची आणि खलनायकांची नावं दिलेली आहेत. गाडी हुकमध्ये लावली होती की जाफरमध्ये, हा वाद रात्री साडेदहाला, दोन झोपलेली मुलं खांद्यावर असताना घालू नये. संध्याकाळी उतरल्या उतरल्या पाटीचा फोटो काढून ठेवा. तो काढला असेल तर कुणाच्या फोनमध्ये आहे तेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पिशव्या जमिनीवर रिकाम्या करा. मऊ, चघळायच्या बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असतं. शाकाहारी घर असेल तर पाकिटामागचं वाचून त्या बाजूला काढा. उरलेल्यांतली बदाम-शेंगदाण्याची चॉकलेटं मुलांना तशीही आवडत नाहीत, ती आईबापांनी न बोलता उचलावीत. तेवढ्यात पुण्याहून आजोबांचा व्हिडिओ कॉल येईल. मुलगा ओंजळभर खाऊ कॅमेऱ्यासमोर धरेल, आणि हयात बँकेत गेलेले आजोबा विचारतील, “वा! केवढ्याला पडला रे हा सगळा?” आजीच्या हातातून फोन काढून घ्या. ती खरा आकडा सांगते.